कापायच्या टेबलावरचा विमानतळ

"पुढचे प्रवासी, चला!" आबांनी लाकडी पट्टी टेबलावर आपटली.

प्रवासी एकच होती. दुसरीत शिकणारी नात. पाठीवर बॅग, अंगात नवा कोरा कोट आणि त्या कोटामुळे कपाळावर घाम.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. कापायचं टेबल मोकळं करून आबांनी त्यावर अस्तराचं लांब कापड पसरलं होतं. हा सरकता पट्टा. पलीकडच्या टोकाला आजी स्टुलावर बसली होती. आबांनी "सोडा" म्हटलं की तिने अस्तर ओढायचं. मधे दोन्ही बाजूंनी फाडलेलं मोठं खोकं होतं, ते तपासणीचं यंत्र.

उद्या नातीला हे सगळं एकटीने करायचं होतं. परदेशात तिच्या आईचं बस्तान आता बसलं होतं आणि तिने लेकीला कायमचं बोलावून घेतलं होतं. विमानात बसेपर्यंत विमान कंपनीची एक बाई सोबत असणार होती. पण आबांचं म्हणणं, कुणी हात धरला तरी चालायचं आपल्याच पायांनी.

एक गोष्ट मात्र त्यांनी अजून शिकवली नव्हती. विमानतळाच्या काचेच्या दाराच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात, आणि तिकीट एकच होतं. नात धरून चालली होती की आबा तिला थेट विमानातल्या खुर्चीत बसवून येणार.

"अहो, ते सांगा ना तिला," आजी हळूच म्हणाली.

"सांगतो. आधी बॅग होऊ दे." आबा नातीकडे वळले. "काय हो ताई, बाटलीत पाणी आहे का?"

"नाही साहेब. सगळं पिऊन टाकलं. पोट बघा, टम्म झालंय."

"शार्पनर?"

"मोठ्या बॅगेत. त्याला पातं असतं."

"शाबास. आणि बॅग कशी भरली?"

"जड खाली, हलकं वर. कपडे गुंडाळून. आणि लागेल ते सगळ्यात वर, म्हणजे लोकांसमोर बाजार मांडावा लागत नाही."

"हे बाजाराचं कुणी शिकवलं?"

"आजीने."

"तरीच. सोडा!"

आजीने अस्तर ओढलं. बॅग डुलत डुलत खोक्यात शिरली आणि पलीकडून बाहेर आली. नातीने दोन्ही हात पसरले. आबा पट्टी तिच्या अंगावरून फिरवू लागले. खांदे, बाह्या, पाठ. कोटाच्या खालच्या काठाशी आल्यावर ते थांबले आणि तोंडाने "टीं टीं" करू लागले.

"आबा, चीटिंग! काही नाहीये तिथे."

"आहे." त्यांनी दुमड उलटली. आत खरोखरच टाचणी राहिली होती.

"शिंप्याची नात आणि टाचणीशिवाय?" आजी म्हणाली. "उद्या तिथे वाजली असती म्हणजे कळलं असतं."

कोट आबांनीच शिवला होता. दुमड चांगली चार बोटं ठेवली होती, बाह्यांनाही तेवढीच. नातीने तिथे बोट घालून पाहिलं.

"एवढं कापड आत का कोंबलंय?"

"तू उंच होशील ना. मग हे उसवायचं आणि लांबी सोडायची. आईला सांग."

"आईला कुठे शिवता येतं? तूच सोड. उद्या विमानात बसवायला येशील तेव्हा तिथल्या बाईला विचारून ठेव, लांबी सोडायला तुला आमच्याकडे कधी येता येईल ते."

आजीने आबांकडे पाहिलं. आबांनी टाचणी स्वतःच्या कॉलरला टोचून ठेवली. मग मोजायचा टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला.

"आता मी साहेब!" नातीने त्यांच्या हातातली पट्टी ओढून घेतली. "तू प्रवासी. म्हणजे तुम्ही प्रवासी. चला, घड्याळ काढा. पट्टा काढा. बूटसुद्धा."

"बूटसुद्धा?"

"नियम म्हणजे नियम."

आबा टेबलाला धरून वाकले. नाड्या सोडल्या. घड्याळ, पट्टा आणि बूट त्यांनी धुण्याच्या टबात ठेवले आणि टब अस्तरावर ठेवला. आजीने ओढलं. टब खोक्यातून पलीकडे गेला. आबा दोऱ्यांच्या तुकड्यांवर अनवाणी उभे राहिले.

"तिकीट दाखवा."

आबांनी एक खिसा चाचपला. मग दुसरा. त्यात खडूचा तुकडा होता. टेबलाखाली कागदाच्या कपट्यांची टोपली भरलेली होती, तिकीट म्हणून कुठलाही कपटा चालला असता. आबांचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"तिकीट नाही, साहेब."

"घरी विसरलात?"

"काढलंच नाही."

"मग आत कसे येणार?"

"येणार नाही. मी माझ्या नातीला पोचवायला आलोय. काचेच्या दारापर्यंत. त्याच्या पुढे ती जाणार."

पट्टी हवेतच राहिली. नातीने आजीकडे पाहिलं. आजी अस्तराची सुरकुती काढत होती, जिथे सुरकुती नव्हती तिथे.

"खरं की खेळातलं?"

"खरं."

मग नातीने मान ताठ केली. आवाज साहेबाचाच होता, फक्त बारीक झाला होता.

"मग बूट कशाला काढलेत?"

तिने पट्टी टेबलावर ठेवली आणि वळसा घालून पलीकडे गेली. टबातले बूट दोन्ही हातांत घेऊन आली. आबांच्या पायांसमोर तिने ते खाली ठेवले, नीट जोडीने. मग खाली बसून बुटांची तोंडं शटरकडे, परतीच्या वाटेला फिरवली.