शेकाट्याचे पाय

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५. सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. तलावात शेकाटे पक्षी एकतीस.

जगदीशनानांनी एवढे वहीत लिहिले, ओल्या चिखलावर पोते अंथरले आणि त्यावर पालथे पडले. ज्वारीने अर्धी भरलेली पिशवी पुढे ठेवून तिच्यावर कॅमेऱ्याचे लांब भिंग टेकवले. भिंग पाण्याच्या पातळीपासून जेमतेम चार बोटे वर होते. देवपूरच्या तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे शिकवलेला हा माणूस साक्रीच्या पश्चिमेकडील या पाड्यावर सलग चौथ्या सायंकाळी असा चिखलात पडला होता.

उखर्डू बांधावरून पाहत होता. तो गाळ काढणाऱ्या ठेकेदाराचा पहारेकरी. त्याला एकच काम होते: तलावात कोणाला उतरू द्यायचे नाही, काठी-बांबू टाकू द्यायचा नाही. उन्हाळ्यात गाळ काढून तलावाच्या मध्यभागी तीन मीटर खोल खड्डा केल्याची कागदोपत्री नोंद होती. पावसाने तलाव भरल्यावर ठेकेदाराने खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांवर लाल झेंड्यांचे बांबू रोवले आणि काठावर पाटी लावली: ‘खोल पाणी. जीवास धोका.’

पाड्याचे म्हणणे वेगळे होते. यंत्र आठ दिवस आले, काठ खरवडून गेले, मधला गाळ जागच्या जागी राहिला. तसे असेल तर फाल्गुनात तलाव आटणार आणि त्याच्या आधारावरची पाड्याची पिण्याची विहीरही. पाड्यावरच्या मोगराबाईंनी तक्रारीचा अर्ज केला होता. सुनावणी उद्या अकरा वाजता होती आणि हातात पुरावा काहीच नव्हता.

“नाना, जरासा तथा सरका,” उखर्डू म्हणाला. “लाल झेंडा फोटोमा येस.”

“येऊ दे.”

“काठवर बी पाखरे शेतस. त्या मधलासना मांगेच काय लागनात?”

“तिथला उजेड बरा आहे.”

उखर्डूला राहवेना. तो खाली उतरून नानांच्या शेजारी उकिडवा बसला. “मंग उभं राहीसन काढा ना. कपडा खराब करी राहिनात.”

“उभ्याने पाहिले तर पाणी नुसते चकाकते. खालून पाहिले की पाय कुठवर भिजला, तेही दिसते.”

ऊन तांबूस झाले होते. काळ्या पंखांचे, लालसर काटकुळ्या पायांचे शेकाटे चोच पाण्यात घालत संथपणे चालत होते. एक पक्षी थव्यापासून निघाला आणि झेंड्यांच्या मधोमध आला. नानांनी श्वास रोखला. सात-आठ वेळा कळ दाबली, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि मान हलवली.

उखर्डूने डोकावले. “आरे देवा! नाना, मुंडकंच कापी टाकं पाखरानं!”

“पायही चांगले नाहीत. दोन्ही पाण्यात आहेत.”

“लग्नमा असा फोटो काढा असता तं नवरदेवनी हाणी काढं असतं तुमले.”

नाना हसले, पण डोळा भिंगावरून हटला नाही.

मोगराबाई विहिरीवरून हंडा घेऊन येत होत्या. नानांजवळ थांबून त्यांनी तो कमरेवर घेतला. “नाना, तुम्ही शिकेल माणूस शेतस. सकाय अकराले सुनावणी शे. आमनाकडथीन दोन शबद बोलशात का?”

उखर्डूचे कान टवकारले. नानांनी एकवार त्याच्याकडे पाहिले.

“बाई, मी मोजणी खात्यातला नाही. मी पक्ष्यांचे फोटो काढतो.”

“काढा मंग,” मोगराबाई म्हणाल्या. “पानी आटनं, का पाखरे बी जातीन.” आणि मागे न पाहता निघून गेल्या.

उखर्डू सैल झाला. “हाऊ फोटो कोठे स्पर्धाले धाडतस का?”

“उद्याच द्यायचा आहे. शेवटचा दिवस.”

“कसा पाहिजे?”

“एक पाय पूर्ण उचललेला. दुसरा पाण्यात.”

तेवढ्यात एक कुत्रे काठाकडे धावले. थवा बिचकला. उखर्डू स्वतः उठला, कुत्र्याला दूरवर हाकलून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “काढा आते. मी शे ना.”

पाच वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी झेंड्यांमधल्या शेकाट्याने उजवा पाय उचलला आणि क्षणभर तसाच धरला. नानांनी एकदाच कळ दाबली.

सोमवारी अकरा वाजता सुनावणीत ठेकेदाराच्या माणसाने तीन मीटर खोलीच्या नोंदीचा कागद अधिकाऱ्यांसमोर ठेवला. अधिकाऱ्यांनी मोगराबाईंना विचारले, “खड्डा नाही, याचा पुरावा काय?”

“पानीमा उतरूच देतस नहीत, साहेब. मोजू कसं?”

मागच्या बाकावरून नाना उठले. त्यांनी पाकिटातून छायाचित्र काढून टेबलावर ठेवले. अधिकाऱ्यांनी ते हातात घेतले, उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले.

“हे काय? पक्ष्याला डोकेच नाही.”

“डोक्याची गरज नाही, साहेब. झेंड्यांचे दोन बांबू पुढे, दोन मागे. म्हणजे पक्षी खड्ड्याच्या मधोमध आहे. उचललेल्या पायाचा मधला सांधा पाहा. तिथून बोटांपर्यंत या जातीचा पाय बारा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आता टेकलेला पाय पाहा. तोच सांधा पाण्याच्या जरासा वर आहे.”

“पोहत असेल पाखरू,” ठेकेदाराचा माणूस घाईने म्हणाला.

“एक पाय वर करीसन?” मोगराबाईंनी विचारले.

अधिकाऱ्यांनी पट्टी मागवली. दोन्ही पायांवर ती आळीपाळीने ठेवली, कागदावर गुणोत्तर मांडले, पुन्हा एकदा तपासले. मग नोंदीतल्या ‘तीन मीटर’खाली तांबड्या शाईने लिहिले:

प्रथमदर्शनी खोली : अकरा सेंटिमीटर.