तिसरा कॅमेरा

कॉलेजच्या मुलीने रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि टोपण काढून पेन काकांच्या हातात दिलं.

"काका, शेवटच्या पानावर सही हवी. मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव टाकलंय."

काकांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. न वाचता सही करायला ते काही कालचं पोर नव्हते. एकतीस वर्षं ते या बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसत आले होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

सहा आठवड्यांपूर्वी ही मुलगी आली, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना वाटलं होतं. बिझनेसच्या कोर्सला आहे, दुसऱ्या वर्षाला. आठवड्यातून तीन दुपारी दुकानात काम शिकायचं, त्याचे मार्क मिळतात, असं तिने सांगितलं. काम शिकायला आलेला माणूस हातात खोका धरतो. ही वही धरायची. मागच्या वर्षी अशीच एक विद्यार्थिनी गोदामात आली होती. तिने वही भरली आणि महिनाभरात गोदामवाले घरी बसले. दुकानाच्या भिंतींवर दोन कॅमेरे होते. काकांनी हिचं नाव तिसरा कॅमेरा ठेवलं.

मग त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांची खरी करामत पाय बघण्यात होती. गिऱ्हाईक सांगेल तो नंबर ते ऐकायचे आणि सोडून द्यायचे. आधी जुन्या बुटाची टाच कुठल्या बाजूने झिजलीय ते बघायचे. मग लाकडी मापावर दोन्ही पाय ठेवून घ्यायचे, कारण माणसाचे दोन पाय क्वचितच सारखे असतात, आणि मोठ्या पायाला बसेल तोच जोड काढायचे. त्यांनी दिलेला जोड परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुलगी शेजारी असली की मात्र ते नुसतं "कितीचा नंबर?" विचारायचे, खोका आणायचे आणि हात बांधून उभे राहायचे. एखादा अवघड पाय आलाच, तर "पोरी, माळ्यावरून पॉलिशच्या डब्या आण बघू" म्हणून तिला पिटाळायचे. ती खाली येईपर्यंत पाय मापून झालेला असायचा. हिने करामत वहीत उतरवून नेली आणि चार नव्या पोरांना शिकवली, तर या म्हाताऱ्याला ठेवणार कोण?

काकांनी चष्मा लावला आणि एकेक पान वाचायला घेतलं. आपण चहाला किती वेळा जातो, दुपारी कधी डुलकी काढतो, हेच ते शोधत होते. एकही गाऱ्हाणं सापडेना. 'काका वेळेवर येतात. काका कुणावर ओरडत नाहीत. काकांनी मला रोज आपल्या डब्यातलं दिलं.' त्यांचा जीव भांड्यात पडला. थोडी लाजही वाटली.

मग नववं पान आलं. विक्रीची पद्धत.

'ज्येष्ठ विक्रेत्यांच्या कामात कोणतीही खास पद्धत आढळली नाही. ते नंबर विचारतात आणि खोका आणतात. हे काम नवा माणूस चार दिवसांत शिकू शकेल.'

काकांनी ते तीनदा वाचलं. खोडण्यासारखं एक अक्षर नव्हतं. सहा आठवडे त्यांनी जे दाखवलं, ते पोरीने इमानेइतबारे लिहिलं होतं.

"हे मालकांनी बघितलं?"

"सकाळीच एक प्रत घेतली त्यांनी. एवढंच विचारलं, चार दिवस नक्की ना? म्हटलं, हो, मी स्वतःच शिकले की." ती हसली, मग थांबली. "काही चुकलं का, काका?"

तेवढ्यात दार उघडलं आणि एक वयस्कर बाई जरा लंगडतच आत आल्या. मुलगी उत्साहाने पुढे झाली.

"कितीचा नंबर?"

सूरसुद्धा हुबेहूब काकांचा. तिने खोका आणला आणि हात बांधून उभी राहिली. बाई चार पावलं चालल्या, ओठ आवळून म्हणाल्या, "ठीक आहेत. नवे बूट चावतातच."

काकांचे हात शिवशिवले. गप्प बसले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण बाईंच्या जुन्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजली होती, आणि एकदा दिसलं ते त्यांना न दिसल्यासारखं करता येईना. पेन ठेवून त्यांनी लाकडी माप काढलं आणि गुडघे मोडून बाईंच्या पायाशी बसले.

"उजवा द्या. आता डावा." त्यांनी मान वर केली. "बाई, तुमचा उजवा पाय अर्ध्या नंबराने मोठा आहे. इतकी वर्षं तुम्ही डाव्याच्याच मापाचे बूट घालताय."

दुसरा जोड घालून बाई दुकानभर फिरून आल्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी खाली बघणं सोडून दिलं.

मुलगी बघतच राहिली होती. बाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, हे रिपोर्टात कुठेच नाही."

"कसं असेल?" मापावरची धूळ पुसत काका म्हणाले. "दर वेळी तुला माळ्यावर मीच पाठवत होतो."

आतल्या खोलीतून मालकांचा आवाज आला. "काका, जरा आत येता? आणि येताना त्या रिपोर्टावर सही तेवढी करून आणा."

काकांनी पेनासाठी काउंटरकडे हात नेला. पण पेन मुलीने आधीच उचललं होतं, आणि ती नववं पान उघडत होती.