अकरा स्क्रू

"फेका हो हे डबडं," साहेब म्हणाले आणि एका बोटाने त्यांनी लॅपटॉप काउंटरवर पुढे ढकलला.

दुरुस्तीवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि साहेबांकडे न बघता लॅपटॉपकडे बघितलं. साहेबांच्या एका बाजूला त्यांची बायको उभी होती, दुसऱ्या बाजूला सासरे. सासऱ्यांनी जन्मभर पुस्तकांची बांधणी केली होती. खळ लावून लावून त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. साहेब एका मोठ्या ऑफिसच्या भांडार विभागात दुय्यम अधिकारी होते. घरीदारी सगळे त्यांना साहेबच म्हणत, कारण दुसरं काही म्हटलं तर ते ओ देत नसत.

"डबडं कशाला म्हणता? मेमरी वाढवू, जुनी डिस्क काढून नवी टाकू," बाई म्हणाल्या. "अजून चार वर्षं पळेल."

"पळेल? हे? सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात. तोवर बाबांची आंघोळ होते, चहा होतो."

"पेपरही वाचून होतो," सासरे म्हणाले. "माझं काही अडत नाही, जावईबापू."

अडायला त्यांचं काम तरी काय होतं? शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं घरी आणायची, फुकट बांधून द्यायची आणि कुठल्या पुस्तकातलं कुठलं पान हरवलंय याची यादी लॅपटॉपवर करायची. साहेबांना या उद्योगाची कीव येई. निवृत्त माणसाने गप्प बसून राहावं, एवढंही ज्याला कळत नाही, त्याने जन्मभर पुस्तकं हाताळली म्हणून काय झालं? आणि कळस म्हणजे लॅपटॉपलाही यांनी कापडी पुठ्ठा घातला होता. कोपऱ्यांना चामड्याच्या टोप्या होत्या.

"उद्या फ्रिजला अस्तर लावतील," साहेब बाईंना म्हणाले.

कोणी हसलं नाही. विनोद कळायलाही लायकी लागते, असं मनाशी म्हणून साहेबांनी तिघांनाही माफ केलं.

पण त्यांचं लक्ष बाईंच्या हातातल्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरवर होतं. लॅपटॉप उघडला जाता कामा नये, एवढ्यासाठी ते आज रजा टाकून इथवर आले होते. सात वर्षांपूर्वी, लग्न नवं असताना, त्यांनी हा सासऱ्यांना भेट दिला होता. कोरा आहे असं सांगून. खरं तर तो ऑफिसातून भंगारात निघालेल्या ढिगातला होता. अशा मालावर भांडारात दोन चिकट्या लावत, एक बाहेर आणि एक पाठीच्या झाकणाच्या आत, आणि दोन्हींवर लाल अक्षरात 'निकामी' असं छापलेलं असे. बाहेरची साहेबांनी स्पिरिटने पुसून काढली. आतली कोण बघतो, म्हणून राहू दिली. तेव्हापासून बायको येईल-जाईल त्याला सांगत आली होती, की माझ्या माणसाने पहिल्या पगारवाढीत स्वतःला काही घेतलं नाही, माझ्या बाबांना कोरा लॅपटॉप घेतला. तिच्या मनातला साहेबांचा सगळा मोठेपणा त्या एका भेटीवर उभा होता.

"अहो, दुरुस्त होतोय ना, मग फेकायचा कशाला?" बायको म्हणाली. "तुम्ही दिलेला आहे. बाबांचा जीव आहे त्याच्यावर."

"मी दिलाय, मीच सांगतोय, फेका. नवा आणलाय मी." साहेबांनी पायाशी ठेवलेल्या काळ्या पिशवीवर थाप मारली. पिशवीतल्या लॅपटॉपची बाहेरची चिकटी त्यांनी कालच पुसली होती. म्हाताऱ्याला काय कळतंय?

"उघडून तर बघू," बाई म्हणाल्या. "आत न बघता मी कशालाच निकामी म्हणत नाही."

तो शब्द ऐकताच साहेबांनी लॅपटॉप परत घ्यायला हात पुढे केला.

"उघडा," सासरे शांतपणे म्हणाले.

पुठ्ठा उतरवल्यावर पाठीला अकरा स्क्रू दिसले. बाई एकेक काढून वाटीत टाकत होत्या. साहेबांचं घड्याळाकडे बघून झालं, उशीर होतोय असं दोनदा म्हणून झालं. इतका वेळ कपाळावर असलेल्या आठीची जागा आता घामाने घेतली होती. अकरावा स्क्रू वाटीत पडला आणि झाकण निघालं.

"हे आधी कोणीतरी उघडलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"मीच," सासरे म्हणाले. "सहा वर्षं झाली. पंखा कुरकुरत होता, म्हटलं धूळ काढावी."

झाकणाच्या आत चौकोनी, मातकट रंगाचा कागद चिकटवलेला होता. कडा अशा बसलेल्या की नखही शिरू नये. त्यावर वळणदार अक्षर होतं. बाईंनी चष्मा नीट करून ते मोठ्याने वाचलं. "'जावईबापूंनी प्रेमाने दिलेला. जपून वापरणे.'"

बायकोचे डोळे भरून आले. तिने साहेबांच्या दंडाला हलकेच हात लावला.

"याच्याखाली काहीतरी लाल दिसतंय," बाई झाकण उजेडात तिरपं धरून म्हणाल्या. "सोलून बघू का?"

"नका त्रास घेऊ," सासरे म्हणाले. "मी चिकटवलेलं निघत नाही. मेमरी तेवढी वाढवा."

बाईंनी मान हलवली आणि ड्रॉवर उघडला. सासरे सावकाश वाकले. साहेबांच्या पायाशी असलेली काळी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि जपून साहेबांच्या हाती दिली.

"हिच्यासाठीही एक कागद कापून ठेवू का, जावईबापू?"