मावशीची नाडी

विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज सुरू झालं तेव्हा आणलेल्या माणसाएवढ्या रबरी बाहुलीला सगळे मावशी म्हणत. रुग्णाचं अंग पुसायला, कूस बदलायला पिढ्यान्‌पिढ्या मुली तिच्यावरच शिकल्या. आता कॉलेजच्या इतिहासाचं दालन होणार होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरलीला डावलून ते मांडायचं काम धाकटीकडे गेलं होतं.

एका दुपारी मावशीचं मनगट धरून धाकटी म्हणाली, "ताई, हिची नाडी लागतेय गं." ती हसत नव्हती.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर मावशीची उस्तवार केली आपण, आणि नाडी लागावी हिच्या हाताला?

"तू जा, चहा घेऊन ये."

धाकटी गेल्यावर तिने दार लावून तेच मनगट धरलं. थंडगार रबर. तिने बोटं रुतवली.

"माझ्याशीच का गं असा परकेपणा?"

तेव्हा मावशीचा हात वळला. तीन बोटं थोरलीच्या अंगठ्याखाली टेकली, अगदी मुलींना शिकवतात तशी.

बोटं नाडी शोधत जरा वर सरकली. मग खाली. मग पुन्हा वर, जोर देऊन.

शेवटी मावशीने तिचा हात अलगद खाली ठेवला आणि थोरलीच्या पापण्या मिटायला बोटं वर नेली.