जांभळ्या शेजाऱ्यांची वाटी

"आई, एका जहाजावर तू कसलं साम्राज्य उभं करणार?" मृण्मयी हसली. लॅपटॉपवरचा तिचा अंतराळातल्या साम्राज्यांचा खेळ मी पहिल्यांदाच खेळत होते. तिचं स्वतःचं साम्राज्य कालच शेजारच्या जांभळ्या लोकांनी धुळीला मिळवलं होतं.

लढाईची बटणं मला सापडेचनात. तेवढ्यात त्या जांभळ्यांनी भेट म्हणून थोडं लोखंड पाठवलं. आता, आलेली वाटी रिकामी परत पाठवायची आपल्यात पद्धत नाही. मी लगेच धान्य पाठवलं. त्यांनी इंधन पाठवलं, मी पाणी. तासभर हेच चाललं.

"अगं, हा लढाईचा खेळ आहे!" मृण्मयीने कपाळावर हात मारला.

एवढ्यात लाल शत्रूचा ताफा माझ्यावर चालून आला. माझं एकुलतं एक जहाज पुढे करून मी डोळे मिटले. उघडले, तर माझ्या ग्रहाभोवती दोनशे जांभळी जहाजं पहाऱ्याला उभी! लाल ताफा आल्या पावली परत फिरला.

मृण्मयीने खुर्ची जवळ ओढली. "आई, मलाही शिकव ना."

"शिकवते. आधी समोरच्या काकूंचा डबा देऊन ये, आठवडाभर ओट्यावर पडलाय. आणि रिकामा नेऊ नकोस."