ओठातली बाळी

“काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!”

दसरू ओरडला खरा, पण जागचा हलला नाही. त्याची टाच बायकोच्या, अन्नपूर्णेच्या मांडीवर होती. सुईला टोचलेला बिबा दिव्यावर धरून ती त्याच्या भेगांत तेलाचा एकेक थेंब सोडत होती.

“हलू नका जी,” ती म्हणाली. “भेग सोडून दुसरीकडं लागलं तर उतते, फोड येतेत. मंग मलेच बोलान.”

दारात करिश्मा उभी होती. ब्रह्मपुरीहून आलेल्या जीपमधून नुकतीच उतरलेली. खालच्या ओठाच्या कडेला चांदीची बारीक बाळी.

“कानात टोचलं तर चालते, नाकात टोचलं तर चालते,” ती म्हणाली. “ओठानं काय पाप केलं, बाबा?”

“टोचाच्या आधी मले विचारलं होतं काय?”

“सोयरीक पाहाच्या आधी मले विचारलं होतं काय?”

दसरूचा आवाज आणखी चढला.

सोयरीक काही ऐरीगैरी नव्हती. मुलगा, सुनिल, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पर्मनंट होता. कंपनीचं क्वार्टर, घरात नळ, दिवसभर फिरणारा पंखा. जंगलाच्या कडेला धान पेरून आणि मोहफूल वेचून जन्म काढलेल्या दसरूला आपली लेक त्या पंख्याखाली बसलेली डोळ्यांपुढे दिसत होती. सुनिलच्या आईची एकच अट होती. लग्न याच उन्हाळ्यात, आणि लग्नानंतर पोरगी घरी राहील. करिश्माच्या नर्सिंगचं एक वर्ष बाकी होतं. ते तसंच राहून जाणार होतं.

मध्यस्थ भैयाजीला त्यानं फोन लावला. भैयाजी हसला. “अरे, कॉलेजच्या पोरी करतेत असे नखरे. ऐतवारी सोयरे येतीन तवा बाळी तेवढी काढून ठेव. कोण पाह्यते बारीकसं छिद्र?”

दसरूचा जीव भांड्यात पडला. पण सकाळी उठून पाहतो तर करिश्माचा ओठ जांभळासारखा फुगलेला. बाळी त्या सुजेत रुतून बसली होती.

“आता तर काढच!”

“आता नाई काढता येत, बाबा. छिद्र बुजन अन् पू आत कोंडन. सगळा चेहरा सुजन.”

त्याचा विश्वास बसेना. उपकेंद्रातल्या सिस्टरला त्यानं फोन केला. तीही तेच बोलली. ओढू नका, कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, अन् पोरीला इकडं घेऊन या, पाहू द्या. पण करिश्मा म्हणाली, “हा ओठ गावभर दाखवत फिरू काय?” आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मग ओठ धुणं सुरू झालं. सकाळी अन्नपूर्णा पाणी उकळी, वाटीत मीठ विरघळवी, आतल्या खोलीचं दार लोटून घेई. दसरू ओसरीत बसून ऐकत राही. आतून लेकीचं कण्हणं येई. तो उठे, दारापर्यंत जाई, परत येऊन बसे. वाघ दिसला तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. सुजलेल्या ओठाचं काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

“अवं, धुतल्यावर तर जास्तच फुगून राह्यला ओठ,” एकदा तो म्हणाला.

“मिठानं जखम पहिले चिडतेच. मंग बसते.”

“ऐतवारपर्यंत बसन काय?”

अन्नपूर्णेनं वाटीतलं पाणी अंगणात फेकलं. “माह्या हातात काय आहे?”

करिश्माला जेवण जाईना. दसरू स्वतः चुलीपाशी बसून पेज करी, फुंकून फुंकून गार करी आणि चमचा तिच्या हातात देई. राग केव्हाच विरून गेला होता. एकदा पेज ओठाला लागली तसे तिचे डोळे भरून आले. दसरूनं मान फिरवली.

“लय दुखते काय, बाई?”

ती बापाकडे बघत राहिली, आणि मग खरंच रडली.

ऐतवारी सोयरे आले. दसरूनं भैयाजीला बाजूला घेऊन हात जोडले. आठवडाभर थांबा म्हणा. भैयाजीनं नकारार्थी मान हलवली. सोयऱ्यांना दुपारी चामोर्शीत दुसरी पोरगी पाहायची होती.

करिश्मा पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. सुनिलच्या आईनं तिच्या ओठाकडे पाहिलं. फोड फुटून लस वाहत होती, त्यात चांदी चमकत होती. तिनं हातातला पेला न पिताच खाली ठेवला.

“आमच्यात वाहत्या जखमेच्या पोरीले हळद नाई लावत,” ती उठत म्हणाली. “अन् ओठ टोचणाऱ्या पोरीले तर मुळीच नाई.”

गाडीची धूळ बसेपर्यंत दसरू अंगणात उभा होता.

दुपारीच करिश्मा परत निघाली. कॉलेज बुडत होतं. तोंडाला स्कार्फ बांधून ती जीपमध्ये चढली. दसरूनं बॅग वर दिली.

“तिकडं चांगल्या डॉक्टरले दाखव.”

“हव, बाबा.” तिनं खिडकीतून हात काढून त्याचा हात घट्ट धरला. जीप हलली तेव्हा सोडला.

तो घरी आला. अन्नपूर्णा नाल्यावर धुणं घेऊन गेली होती. आतल्या खोलीत मिठाच्या पाण्याची वाटी तशीच पडलेली. वाटीच्या तळाशी बाळी होती.

जी काढता येत नव्हती, ती.

कौलांवर भिरकावून द्यावी म्हणून त्यानं ती उचलली. मग थांबला. बाळीची दोन्ही टोकं एकमेकांपासून सुटी होती, आणि प्रत्येक टोकाला एकेक गोल गुळगुळीत मणी. मांसातून आरपार जाईल असं तिच्यात काहीच नव्हतं. त्यानं ती आपल्याच ओठाला लावून पाहिली. चाप बसावा तशी ती बसली. ओढली, निघाली.

त्या पहिल्या दिवसानंतर अन्नपूर्णेनं त्याच्या टाचांकडे पाहिलंही नव्हतं. तरी वाटीच्या वरच्या कोनाड्यात एक नवा बिबा होता, आणि त्यात सुई उभी होती. दसरूनं सुई उपटली. टोकाचं काळं तेल अजून ओलं होतं.