बेलच्या आत

ती खुर्चीवर बसली. आधी नुसती टेकली, मग थोडा भार सोडला, मग सगळा. नवरा दारात उभा होता.

"दुखतंय?"

"नाही." तिचा स्वतःच्याच उत्तरावर विश्वास बसेना. "अहो, काहीच नाही!"

सकाळी डॉक्टरांनी तिच्या ओटीपोटाच्या तळाशी जाणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन दिलं होतं. ती नुसती चाचणी होती. औषधाचा अंमल संध्याकाळपर्यंत. त्यानं आराम पडला, तर पुढच्या आठवड्यात तीच नस सुईच्या टोकानं जाळायची. मग बसलं की उठणारी कळ बराच काळ यायची नाही. पण तिथली जाणीवही कदाचित जाईल, लघवीवरचा ताबा सुटेल, आणि गेलेलं परत येईलच असं नाही. हो की नाही, ते उद्या कळवायचं होतं.

तिनं शिलाई मशीनवरचं झाकण काढलं. कपड्यांच्या दुकानात ती पूर्वी मशीनवर असायची. हे दुखणं लागल्यापासून मालकिणीनं तिला कापायच्या टेबलाशी उभं केलं होतं. घरी जेवायची तीही उभ्यानंच. बसमध्ये कुणी जागा दिली आणि ती नको म्हणाली, की लोकांना ती शिष्ट वाटायची. आता शिवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिनं एक जुनी चादर फाडली आणि उशांचे अभ्रे शिवायला घेतले.

नवरा वायरमन होता. तो जवळ येऊन उभा राहिला.

"दाराची बेल सारखी वाजते म्हणून कुणी वायर तोडतं का? आधी फॉल्ट शोधायचा."

"सहा वर्षं शोधताहेत. सापडला?"

"नाही, पण..."

"तुम्ही बेल बाहेरून ऐकता हो. मी तिच्या आत राहते."

मशीन धडधडत राहिलं.

"नस म्हणजे काय केस आहे, जाळला नि पुन्हा उगवला?" आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "माझं ऐक. अजून थोडी कळ काढ."

"इतकी वर्षं तीच काढतेय, आई. आता डॉक्टरांना काढू द्या."

सासूबाईंना हसू आलं. हसतच त्या बाहेर आल्या, आणि खुर्चीच्या मागे पोचताच थबकल्या.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

तिचा गाऊन मागून भिजला होता. खुर्चीच्या कडेवरून थेंब फरशीवर पडत होते. ती मान खाली घालून टीप मारत होती, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. नवऱ्यानंही पाहिलं. कुणीच बोलेना. मशीनच्या आवाजात ती शांतता तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"काय झालं?" त्यांच्या नजरेच्या मागोमाग तिनं हात मागे नेला. तो ओला झाला.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली.

"बघ," नवरा हळूच म्हणाला. "हे आजच्यापुरतं आहे. जन्माचं झालं तर? दुकानात, चार माणसांत?"

ती हाताकडे पाहत राहिली. मग तिनं तो गाऊनला पुसला आणि अभ्र्याची उघडी बाजू सुईखाली सरकवली.

"ऊठ पोरी, बदलून घे," सासूबाई म्हणाल्या.

"नाही उठणार. खाली मुंग्या यायला लागल्यात. अंमल उतरतोय. आता उठले तर पुन्हा बसता यायचं नाही."

"अगं, पण ओलं..."

"ओलं वाळतं, आई." ती नवऱ्याकडे वळली. "डॉक्टरांना आत्ताच फोन करा. हो म्हणून सांगा. उद्या मी हो म्हटलं तर तुम्ही म्हणाल, दुखणं बोलतंय. आत्ता दुखत नाहीये. आत्ता मी बोलतेय."

तो आत गेला आणि फडकं घेऊन आला. खुर्चीपाशी वाकणार, तोच सासूबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे मी करते. तू फोन लाव."

त्यानं फोन कानाला लावला. सासूबाई भिंतीला धरून सावकाश खाली बसल्या आणि तिच्या पायांजवळ फरशी पुसू लागल्या.

"आई, तुम्ही नको," म्हणत ती उठायला गेली. सासूबाईंनी ओला हात तिच्या गुडघ्यावर ठेवून तिला पुन्हा खाली दाबलं.

"बस," त्या म्हणाल्या. "बसता येतंय तोवर बस."